फ्लीट स्ट्रीटवरचे ‘चेशायर चीज’: पब, छापखाने आणि डॉ. जॉन्सन यांची खुर्ची

गवाक्ष

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर १४५ क्रमांक शोधत निघालेला नवखा माणूस ‘ओल्ड चेशायर चीज’ या पबसमोरून एकदा तरी नकळत पुढे निघून जातो. रस्त्यावरून त्याचा गोल दिवा आणि अरुंद दर्शनी भाग तेवढा दिसतो. आत जाण्याची जुनी वाट शेजारच्या वाइन ऑफिस कोर्ट नावाच्या बोळातून आहे. पुण्याच्या जुन्या पेठांमधले, दोन वाड्यांच्या भिंतींमधून जाणारे बोळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा बोळ परका वाटणार नाही. समोरून कोणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागते, आणि मान वर केली तर आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. मद्यविक्रीचे परवाने देणारी सरकारी कचेरी १६६५ पर्यंत या बोळात होती, त्यावरून त्याला हे नाव पडले.

गेल्या नोव्हेंबरात एका पावसाळी दुपारी मी तेथे दोन तास बसलो होतो. त्याआधी आणि त्यानंतर जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले, त्यातले पक्के काय आणि ऐकीव काय हे वेगळे करून मांडावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

दाराशीच एक फलक आहे. त्यावर दुसऱ्या चार्ल्सपासूनच्या राजाराण्यांची नावे ओळीने रंगवलेली आहेत. इतक्या राजवटी या घराने पाहिल्या, असे त्याला सांगायचे आहे, आणि दुसऱ्या एलिझाबेथपर्यंत मोजले तर ती संख्या पंधरा भरते. या जागेवर १५३८ पासून ‘हॉर्न’ नावाचे मद्यगृह होते. सप्टेंबर १६६६ मधल्या लंडनच्या मोठ्या आगीत ते जळाले. त्या आगीची पश्चिमेकडची हद्द फेटर लेनपाशी ठरली. म्हणजे ज्वाळा आणखी थोड्याच अंतरावर थांबल्या, पण ही जागा त्यांच्या तोंडी आलीच. १६६७ मध्ये, अवघ्या वर्षभराच्या आत, नवी इमारत उभी राहिली. शहराची घरे अजून राखेत असताना लोकांनी जे आधी बांधून घेतले त्यात हे ठिकाण होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तळघरातल्या कमानी मात्र आगीच्या आधीच्या असून त्या तेराव्या शतकातल्या कार्मेलाइट मठाच्या आहेत, असे पबकडून सांगितले जाते. तो मठ, म्हणजे व्हाइटफ्रायर्स, मुख्यतः रस्त्याच्या दक्षिणेला होता आणि पब उत्तरेला आहे. म्हणून या कमानींना मठाच्या अतिथिगृहाशी जोडण्याची प्रथा पडली आहे.

उंबरठ्याचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी मध्यभागी इतका झिजला आहे की आता त्यावर लोखंडी जाळी बसवली आहे. त्या जाळीतून खाली पाहिले की दगडातला खोलगटपणा दिसतो. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, कारण उजेड कमी, लाकूड काळे आणि छत खाली आहे. एका बाजूच्या छोट्या खोलीच्या दारावर ‘येथे केवळ पुरुषांनाच सेवा मिळेल’ अशा अर्थाची जुनी पाटी अजून आहे. ती आता केवळ स्मृती म्हणून ठेवली आहे आणि तेथे कोणीही बसू शकते. दुसऱ्या बाजूला ‘चॉप रूम’, म्हणजे जेवणाची खोली आहे. उंच पाठीचे, काटकोनात बांधलेले लाकडी बाक, भिंतीतली कोळशाची शेकोटी आणि भिंतीवर अठराव्या शतकातले इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे चित्र. एका कोपऱ्यातली जागा जॉन्सन यांची आवडती होती असे सांगणारी पितळी पाटीही तेथे लावलेली आहे.

येथेच माझ्या मनातला मुख्य प्रश्न येतो. जॉन्सन १७४८ ते १७५९ या काळात गफ स्क्वेअरमधल्या १७ क्रमांकाच्या घरात राहत होते. पबच्या दारापासून ते घर चालत दोन मिनिटांवर आहे. त्याच घराच्या माळ्यावर सहा लेखनिकांना हाताशी धरून त्यांनी इंग्रजीचा तो प्रसिद्ध कोश सिद्ध केला. १७५५ मध्ये तो दोन खंडांत निघाला, त्यात ४२ हजारांहून अधिक शब्द होते आणि त्यांच्या आधारासाठी एक लाखाहून अधिक अवतरणे दिलेली होती. असा माणूस इतक्या जवळच्या खानावळीत कधी जेवला नसेल, हे मानणे अवघड आहे. परंतु जॉन्सन यांची दिनचर्या बारकाईने टिपून ठेवणाऱ्या बॉस्वेल यांच्या चरित्रात ‘चेशायर चीज’चे नाव एकदाही येत नाही. त्यात ‘मायटर’ हे मद्यगृह पुन्हा पुन्हा येते, इतर ठिकाणेही येतात, हे मात्र नाही. जॉन्सन येथे येत असत, हा जुना म्हणावा असा पुरावा सायरस जे नावाच्या वकिलाने १८६८ मध्ये लिहून ठेवला. आपण तरुणपणी या ठिकाणी येऊ लागलो तेव्हा जॉन्सन यांना येथे पाहिलेले वृद्ध गृहस्थ आपल्याला भेटले होते, असे तो सांगतो. म्हणजे ऐकलेल्याचे ऐकलेले, आणि तेही जॉन्सन यांच्या मृत्यूनंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी छापलेले.

चॉप रूममध्ये बसल्यावर माझी नजर त्या पितळी पाटीपेक्षा शेकोटीवरच्या एका चित्राकडे अधिक गेली. ते विल्यम सिम्प्सन नावाच्या वेटरचे आहे. तो १८२९ मध्ये येथे कामाला लागला. चित्राखालच्या मजकुरानुसार, येथे नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून ते करून घेतले आणि मालकाच्या हाती सोपवताना अट घातली की पुढच्या प्रत्येक मालकाकडे ते वारसा म्हणून जावे. मालक बदलतील, चित्र राहील, अशी ती व्यवस्था आहे, आणि ती आजवर पाळली गेली आहे. पानात वाढणाऱ्या माणसाचे तैलचित्र लोकांनी पदरच्या पैशांनी काढून घेतल्याची अशी उदाहरणे माझ्या पाहण्यात फार नाहीत. जॉन्सन यांची खुर्ची ही आख्यायिका आहे. सिम्प्सनचे चित्र हा दस्तऐवज आहे. या वास्तूचे मोल मी त्या दुसऱ्या गोष्टीवरून ठरवतो. आपणां सर्वांचे काय मत आहे, आणि या जागेविषयी आपणांस आणखी काय ठाऊक आहे, हे वाचायला आवडेल.

सांजवारा

लेख अतिशय आवडला. बॉस्वेल यांच्या मौनाबद्दल मात्र एक मुद्दा मांडते. बॉस्वेल आणि जॉन्सन यांची पहिली भेट १६ मे १७६३ रोजी कॉव्हेंट गार्डनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात झाली. तोवर जॉन्सन यांनी गफ स्क्वेअर सोडून चार वर्षे उलटली होती. म्हणजे कोशाचे काम जोरात चालू होते, पत्नीचे निधन झाले, हाती पैसा नव्हता, त्या सर्व वर्षांचे बॉस्वेल साक्षीदार नाहीत. ती प्रकरणे त्यांनी इतरांकडून माहिती गोळा करून लिहिली. जॉन्सन त्या काळात कोपऱ्यावरच्या खानावळीत जात असतील तर ते बॉस्वेल यांच्या नजरेतून सुटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे चरित्रात उल्लेख नाही एवढ्यावरून आख्यायिका खोटी ठरत नाही.

शिवाय जॉन्सन यांचे लेखक मित्र ऑलिव्हर गोल्डस्मिथ १७६० ते १७६२ या काळात त्याच वाइन ऑफिस कोर्टमध्ये ६ क्रमांकाच्या घरात राहत होते. घरमालकिणीने थकलेल्या भाड्यासाठी गोल्डस्मिथ यांना अडकवून ठेवल्यावर जॉन्सन धावून आले आणि त्यांनी मित्राच्या कादंबरीचे हस्तलिखित उचलून साठ पौंडांना विकून दिले, ही हकीकत तर बॉस्वेल यांनीच नोंदवली आहे. अशा मित्राला भेटायला येणारा माणूस त्याच बोळातल्या दारात शिरला नसेल का?

गवाक्ष

सांजवारा, आपला मुद्दा रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. पहिल्या काळापुरते बॉस्वेल यांचे मौन फारसे काही सिद्ध करत नाही.

पुढचा काळ मात्र वेगळे सांगतो. गफ स्क्वेअर सोडल्यानंतरही जॉन्सन फ्लीट स्ट्रीटच्या परिसरातच राहिले. १७६० पासून इनर टेम्पल लेन, १७६५ पासून जॉन्सन्स कोर्ट (हे नाव त्यांच्यावरून पडलेले नाही, योगायोग आहे) आणि १७७६ पासून १३ डिसेंबर १७८४ रोजी मृत्यू येईपर्यंत बोल्ट कोर्ट. ही सर्व ठिकाणे पबपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि १७६३ नंतरच्या एकवीस वर्षांत बॉस्वेल लंडनला आले की त्यांच्यासोबत सावलीसारखे असत. ते दोघे कोठे जेवले, किती वाजता उठले, वाटेत काय बोलले, हे सारे लिहिलेले आहे. त्या काळात जॉन्सन येथे नियमित येत असते तर एखादी तरी संध्याकाळ चरित्रात आली असती. म्हणून मी इतकेच म्हणेन की ते येथे आले असण्याचा संभव भरपूर आहे, ठरलेल्या खुर्चीत रोज बसत असल्याचा संभव कमी आहे.

जुना खिळा

मी चौतीस वर्षे एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे फ्लीट स्ट्रीट हे नाव माझ्या पिढीने तीर्थक्षेत्रासारखे ऐकलेले आहे. धाग्यात त्या बाजूचा विस्तार झाला नाही म्हणून थोडे लिहितो.

त्या रस्त्याला छपाईचा वास पाचशे वर्षांपासूनचा आहे. विंकिन दि वर्ड या मुद्रकाने १५०० च्या सुमारास सेंट ब्राइड चर्चजवळ आपला छापखाना आणला. इंग्लंडमधले पहिले दैनिक ‘डेली कुरंट’ १७०२ मध्ये याच रस्त्याच्या टोकाजवळून निघाले. विसाव्या शतकात तर मोठ्या दैनिकांच्या कचेऱ्या तेथे खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. ‘डेली टेलिग्राफ’ची भव्य इमारत १९२८ ची आणि ‘डेली एक्स्प्रेस’ची काळ्या काचेची १९३२ ची, दोन्ही आजही उभ्या आहेत. तळमजल्यावर आणि तळघरांत यंत्रे चालत आणि रात्री त्यांची धडधड रस्त्यापर्यंत जाणवत असे. प्रत्येक दैनिकाच्या मंडळींचे पब ठरलेले असत. बातमी तेथे मिळे, तपासली जाई आणि कधी तेथेच मरून जाई.

आमच्याकडे हे काम छापखान्याच्या दारातल्या चहाच्या टपरीने केले. शहर आवृत्ती रात्री दीडच्या सुमारास यंत्रावर चढली की आम्ही खाली उतरत असू. खिळे जुळवणारे, यंत्रावरचे, गठ्ठे बांधणारे, टेम्पोवाले आणि आम्ही असे सगळे त्या एका बाकावर बसत असू. वर कचेरीत जे एकमेकांशी बोलत नसत ते तेथे बोलत. एका जुन्या जुळाऱ्याने मला त्या बाकावर ‘ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना नाही, बोटांना कळले पाहिजे’ असे सांगितले होते, ते मी नोकरीभर विसरलो नाही. म्हणून सिम्प्सनच्या चित्राचा परिच्छेद मी दोनदा वाचला. आमच्या टपरीवाल्याचे चित्र कोणी काढले नाही आणि ती टपरीही आता नाही.

फ्लीट स्ट्रीटचे छापखानेही गेले. जानेवारी १९८६ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने आपली चार वृत्तपत्रे रातोरात पूर्व लंडनमधल्या वॉपिंगला हलवली, ५,००० हून अधिक कामगारांची नोकरी गेली आणि वर्षभर तेथे निदर्शने चालू राहिली. त्यानंतर एकेक करून बाकीचेही गेले. ‘रॉयटर्स’ने २००५ मध्ये रस्ता सोडला. वृत्तपत्रे गेली आणि पब राहिला. ज्यांच्यासाठी तो रात्री उशिरापर्यंत गजबजत असे ती माणसे आता तेथे नाहीत.

अनवट

नावाविषयी दोन गोष्टी सांगतो.

पबच्या पाटीवर इंग्रजीत ‘ओल्ड’च्या आधी जो ‘यी’ लिहिलेला दिसतो त्याचा उच्चार मुळात ‘द’ असाच आहे. जुन्या इंग्रजी लिपीत ‘थ’ या ध्वनीसाठी एक स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत ते अक्षर हळूहळू ‘वाय’सारखे दिसू लागले. युरोपातून आलेल्या खिळ्यांच्या संचात ते नव्हते, म्हणून मुद्रकांनी त्याच्या जागी ‘वाय’चाच खिळा वापरला. पुढे ते अक्षर लोकांच्या स्मरणातून गेले आणि ‘वाय’ राहिले. एकोणिसाव्या शतकात जुनेपणाची आवड वाढली, तेव्हा दुकानदारांनी आणि खानावळवाल्यांनी मुद्दाम असे लेखन पाट्यांवर आणले. म्हणजे इमारत खरोखरच १६६७ ची आहे, तिच्या नावातला जुनेपणा मात्र नंतर चढवलेला आहे. जॉन्सन यांच्या खुर्चीची कथा छापील रूपात ज्या शतकात येते, तेही तेच शतक आहे, याकडे गवाक्ष यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

चेशायर चीजचे म्हणाल तर, वायव्य इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातले हे ठिसूळ, किंचित खारट चीज सतराव्या शतकाच्या मध्यापासून जहाजाने लंडनला येऊ लागले आणि पुढची शंभर-दीडशे वर्षे ते शहराच्या रोजच्या जेवणाचा भाग होते. त्यामुळे ते नाव घेतलेल्या खानावळी लंडनमध्ये एकाहून अधिक होत्या. आपल्याकडे एखाद्या हॉटेलाने मिसळीचे किंवा वड्याचे नाव घ्यावे तसेच ते आहे.

तुळशीकट्टा

चर्चा वाचनीय आहे, यात शंका नाही. तरीही मनात आलेली शंका विचारते, राग नसावा. आपल्याकडे दारूच्या गुत्त्याने उद्ध्वस्त केलेली घरे मी जवळून पाहिली आहेत. ज्या वस्तीत मी शिक्षिका होते तेथे पगाराच्या दिवशी बायका गुत्त्याच्या दाराशी उभ्या राहत. अशा जागेला सांस्कृतिक वारसा म्हणताना आपण परदेशातली गोष्ट म्हणून सवलत देत आहोत का? तेथेही मद्याने संसार मोडलेच असतील.

गवाक्ष

तुळशीकट्टा, राग मुळीच नाही. प्रश्न टाळण्यासारखा नाही. तेथेही संसार मोडले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये जिन या स्वस्त मद्याने जे केले त्यावर संसदेला पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले. या घराचा भूतकाळही केवळ साहित्यिक नाही. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मिळालेल्या उघड शृंगारिक चित्रांच्या फरशा पबने १९६२ मध्ये संग्रहालयाला दिल्या. अठराव्या शतकात ती खोली कशासाठी वापरली जात असावी याचा अंदाज त्यावरून अभ्यासकांनी बांधला आहे. हे लपवून ‘महान कोशकारांची जागा’ एवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पण गुत्ता आणि अशा प्रकारची चॉप हाउस यांत फरक होता, आणि तो अन्नाचा होता. येथे लोक दुपारच्या जेवणाला येत. जवळच्या न्यायालयांतले वकील, कारकून, मुद्रक आणि प्रकाशक हे नेहमीचे गिऱ्हाईक होते. येथली प्रसिद्धी एका पुडिंगची होती. ते गोड नव्हे. गोमांस, मूत्रपिंड, कालवे, अळंबी आणि चंडोल पक्षी पिठाच्या जाड पारीत बांधून केलेले. एकेक पुडिंग पन्नास ते ऐंशी पौंडांचे, म्हणजे तेवीस ते छत्तीस किलोंचे असे आणि सोळा ते वीस तास उकडत राही. वाऱ्याची दिशा योग्य असेल तर त्याचा वास शहरात दूरवर जाई, असे जुने लेखक लिहितात.

आणि स्वतः जॉन्सन यांचे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या फार जवळचे आहे. मद्य आपल्याला प्रमाणात झेपत नाही हे त्यांनी ओळखले होते. आयुष्यातली अनेक वर्षे त्यांनी वाइन पूर्णपणे सोडली होती आणि ते चहा पीत असत, तोही अमाप. चहा आरोग्याला घातक आहे असे लिहिणाऱ्या एका गृहस्थाला १७५७ मध्ये उत्तर देताना त्यांनी स्वतःचे वर्णन निर्ढावलेला आणि निर्लज्ज चहाबाज असे केले आहे. तरीही चांगल्या खानावळीने माणसाला जितके सुख दिले तितके दुसऱ्या कोणत्याही मानवी योजनेने दिलेले नाही, असे ते १७७६ मध्ये बॉस्वेल यांना म्हणाले. कारण त्यांनी स्वतःच दिले आहे. कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेले की यजमानाला काळजी आणि पाहुण्याला संकोच असतो. खानावळीत आपण जितका त्रास देऊ तितके आपले स्वागत अधिक. मद्य न घेणाऱ्या माणसाने केलेली ही खानावळीची स्तुती आहे.

शब्दवेल

कोशाचा विषय निघाला आहे म्हणून सांगते. मराठीचा जेम्स मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये मुंबईत छापून निघाला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू त्यात सहभागी होते, आणि पंडितांच्या चमूने शब्द गोळा करून दिले होते. १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. गफ स्क्वेअरच्या माळ्यावर उभे राहून कागदाच्या चिठ्ठ्या डकवणारे सहा लेखनिक (त्यांतले पाच स्कॉटिश होते) डोळ्यांसमोर आणले की मला ते पंडित आठवतात. त्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

पण मला मुख्यतः वरच्या मजल्याविषयी लिहायचे आहे. १८९० मध्ये आयरिश कवी येट्स आणि अर्नेस्ट ऱ्हिस यांनी ‘ऱ्हायमर्स क्लब’ हे कवींचे मंडळ सुरू केले आणि ते ‘चेशायर चीज’च्या वरच्या खोलीत जमत असे. येट्स तेव्हा पंचविशीचे होते. लायोनेल जॉन्सन, अर्नेस्ट डाउसन, आर्थर सायमन्स, जॉन डेव्हिडसन, रिचर्ड ल गॅलियन असे बहुतेक तरुण कवी तेथे येत. खाली जेवण झाले की वर जायचे, कविता वाचायची आणि ती इतरांनी ऐकायची, एवढाच कार्यक्रम. त्यांनी १८९२ आणि १८९४ मध्ये दोन एकत्रित संग्रह काढले. डाउसन १९०० मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले, लायोनेल जॉन्सन १९०२ मध्ये पस्तिसाव्या. दोघांच्याही आयुष्यात मद्याने काय केले हे लपलेले नाही, आणि येट्स यांनी पुढे आपल्या या पिढीविषयी फार कळवळ्याने लिहिले. तुळशीकट्टा यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीतही आहे, आणि ते सुखावह नाही.

भारताशी असलेला धागाही येथेच सापडतो. येट्स यांनी १९१२ मध्ये रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिली, हे सर्वांना माहीत आहे. क्लबचे दुसरे संस्थापक ऱ्हिस यांनी १९१५ मध्ये रवींद्रनाथांचे इंग्रजी चरित्र लिहिले, हे कमी जणांना माहीत असते. १८९० मध्ये एका खोलीत एकमेकांच्या कविता ऐकणारे ते दोघे पाव शतकानंतर एकाच बंगाली कवीविषयी लिहीत होते.

जुना खिळा

महाराष्ट्राचा एक संबंध त्या पबाशी नव्हे, पण त्या रस्त्याशी आहे. चिरोल यांच्यावरचा लोकमान्य टिळकांचा अब्रुनुकसानीचा दावा १९१९ च्या आरंभी लंडनच्या उच्च न्यायालयात चालला. ते न्यायालय जेथे फ्लीट स्ट्रीट संपून स्ट्रँड सुरू होतो त्या टोकाशी आहे. चिरोल हे ‘टाइम्स’चे परराष्ट्र विभागाचे संपादक राहिलेले. टिळक तो दावा हरले आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. पत्रकार, वकील आणि छापखाने एका रस्त्यावर किती जवळजवळ नांदत होते, हे त्यातून समजते.

दगडी जिना

मी वास्तुरचनाकार आहे, म्हणून जतनाच्या बाजूने थोडे लिहितो. ही इमारत ब्रिटनच्या संरक्षित यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे, त्यामुळे अंतर्भागातही परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत. मालकी यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टर येथील सॅम्युएल स्मिथ या १७५८ पासूनच्या मद्यनिर्मात्यांकडे आहे. त्यांच्या पबांत संगीत किंवा दूरदर्शन संच नसतो, आणि २०१९ पासून त्यांनी भ्रमणध्वनीच्या वापरावरही बंदी घातली. या धोरणाविषयी मतभेद असू शकतात, परंतु अशा खोल्यांमध्ये माणसांचे बोलणे ऐकू येते, हे खरे आहे.

यादीने भिंती वाचतात, व्यवसाय वाचतोच असे नाही. इंग्लंडमध्ये पब झपाट्याने बंद पडू लागले तेव्हा हा प्रश्न पुढे आला, आणि मे २०१७ पासून पब पाडायचा किंवा त्याचे दुकान, घर करायचे तर नियोजन विभागाची परवानगी आवश्यक झाली. आपल्याकडे मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, ती देशातली पहिली. तिने दगडी दर्शनी भाग वाचवले. पण त्याच इमारतींच्या कोपऱ्यांवरची इराण्यांची हॉटेले एकामागून एक बंद झाली, कारण संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आणि सकाळचा ब्रून मस्का यांना कोणत्याही यादीत श्रेणी नसते. सिम्प्सनच्या चित्राला गिऱ्हाइकांनी घातलेली ती अट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कायदा नसताना त्यांनी वापरातल्या वस्तूचा वारसा ठरवून टाकला.

सांजवारा

पोपटाचा उल्लेख कोणीच केला नाही! ‘पॉली’ नावाचा राखी आफ्रिकन पोपट सुमारे चाळीस वर्षे या पबात होता. बाटलीचे बूच उडाल्याचा आवाज तो हुबेहूब काढत असे, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये महायुद्ध थांबल्याच्या रात्री त्याने तो आवाज चारशे वेळा काढला आणि मग मूर्च्छित पडला, असे सांगतात. १९२६ मध्ये तो मेला तेव्हा जगभरच्या सुमारे दोनशे वृत्तपत्रांनी त्याची बातमी छापली. भुसा भरून ठेवलेला तो पोपट आजही तेथे आहे. फ्लीट स्ट्रीटवर राहिल्याचा हा एक लाभ म्हणायचा: बातमी लिहिणारे रोज समोरच बसलेले.

पुढच्या महिन्यात माझे लंडनला जाणे होणार आहे. एका दुपारी काय काय पाहता येईल, ते गवाक्ष यांनी कृपया सांगावे.

गवाक्ष

सांजवारा, पॉलीची आठवण दिल्याबद्दल आभार. अनवट यांच्या नावाच्या खुलाशामुळे माझा स्वतःचाही विचार अधिक स्पष्ट झाला. शब्दवेल यांनी विचारलेल्या पंडितांच्या नावांचा प्रश्न मात्र स्वतंत्र धाग्याचा आहे. त्यांनीच तो काढावा.

आपण सेंट ब्राइड चर्चपासून सुरुवात करावी. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात ते आतून जळून गेले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. त्याच रात्री गफ स्क्वेअरमधल्या घराचाही माळा पेटला होता. हल्ल्यांच्या त्या काळात अग्निशामक दलाचे स्वयंसेवक त्या घरात विसाव्याला येत असत. सेसिल हार्म्सवर्थ यांनी १९११ मध्ये ते घर विकत घेऊन वाचवले नसते तर आज संग्रहालय म्हणून पाहायला मिळाले नसते. ते पाहून बाहेर आलात की चौकात जॉन्सन यांच्या हॉज नावाच्या मांजराचा १९९७ मध्ये बसवलेला पुतळा आहे. कोशावर बसलेल्या त्या मांजरासमोर कालवांचे शिंपले आहेत, कारण जॉन्सन त्याच्यासाठी स्वतः बाजारात जाऊन कालवे आणत असत. नोकरांना पाठवले तर ते त्या मुक्या जीवाचा राग करतील, अशी त्यांना भीती वाटे.

तेथून दक्षिणेला वाइन ऑफिस कोर्टमध्ये उतरा. पबमध्ये दुपारी तीननंतर जा, तोपर्यंत जेवणाची गर्दी ओसरलेली असते. उंबरठ्यावरच्या जाळीतून खाली पाहायला विसरू नका. मद्य घ्यायचे नसेल तर तसे सांगण्यात संकोच नको. मी त्या दिवशी चहाच मागितला होता. चॉप रूममध्ये शिरल्यावर शेकोटीच्या समोरचा बाक मिळाला तर घ्या. तेथून सिम्प्सनचे चित्र नीट दिसते, आणि त्याखालचा मजकूर उठून जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही.